पाइपाबरोबर चालणारे हबीबसाहेब

हबीबसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना शिव्या द्यायला गेले होते. गौरवग्रंथात अशी सुरुवात बरी दिसत नाही, असं समितीतल्या एका सरांनी मला समजावलं. मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, मी म्हटलं. ते म्हणाले, बरं, लिहा तसंच. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ समितीतल्या एका मुलीनं नीट करून दिलं आहे, शब्द माझे आहेत. या ग्रंथात मोठे इंजिनियर लिहितील, कारखानदार लिहितील, साहेबांनी किती कारखाने उभे केले ते सांगतील. ते सगळं खरंच असणार. मला जे माहीत आहे ते त्यांना माहीत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

भूकंपानंतरच्याच हंगामातली गोष्ट आहे. माझे मालक ज्ञानोबा लातूरच्या एमआयडीसीत एका तेलाच्या कारखान्यात हमालीला होते. सॉल्व्हंट प्लांट म्हणतात तसल्या कारखान्याला. तेल काढून झालं तरी पेंडीत थोडं तेल उरतं. ते पेट्रोलसारख्या एका पातळ द्रवानं धुऊन काढायचं, मग तो द्रव तापवून उडवायचा आणि थंड करून परत टाकीत घ्यायचा, असं ते काम. थंड करूनही जी वाफ हाती लागत नाही तिला एका पाइपातून छताच्या वर उघड्या हवेत सोडून देतात. हा पाइप ठेकेदारानं पत्र्याच्या आतच संपवला होता. पाइप कमी पडला, मागून जोडू म्हणाला. ही वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, खाली बसते आणि पाणी सांडल्यासारखी जमिनीवरून पसरते. खाली ज्ञानोबा पेंडीची पोती शिवत होते. कुठल्या तरी मोटारीची ठिणगी पडली. दुपारची वेळ, माझा डबा अजून त्यांनी उघडलाही नव्हता. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. काही दिवस होते. पहिल्या दिवशी बोलत होते, नंतर नाही.

कारखान्याच्या शेठजींच्या मुनिमानं माझ्या दिराला सांगितलं, आमची काही चूक नाही, नकाशाच चुकीचा होता, ज्यानं काढला त्याला जाऊन विचारा. तेरावं झालं आणि मी दिराला घेऊन नकाशा काढणाऱ्याच्या ऑफिसात गेले. जिना चढून वर गेले तर एक उंच, सावळे गृहस्थ टेबलावर वाकून काहीतरी बघत होते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं.

"त्या कारखान्याचा नकाशा तुम्हीच काढला का?"

"हाव."

"तुमच्या कागदानं माझा मालक मेला."

दीर माझा पदर धरून मागं ओढायले. साहेबांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा, बाई."

"बसायला न्हाई आले मी."

"बरं. मग इकडून या. तिथून दिसणार न्हाई, कागद मोठा हाय."

त्यांनी कपाटातून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. अंथरुणाएवढा कागद, त्याच्यावर नुसत्या रेघा. म्हणाले, टाकीवर बोट ठेवा. मी ठेवलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचं ठेवलं आणि बोट रेघेवरून चालवत नेलं. ही टाकी, हा पंप, हे थंड करायचं भांडं. एका जागी त्यांचं बोट वर चढलं. तिथं तुटक रेघ होती. ती ओलांडून बोट थांबलं.

"ही तुटक रेघ म्हंजे पत्रा. हा पाइप पत्र्याच्या वर दाखवलाय. दिसतंय?"

"दिसतंय."

"कागद बरोबर हाय."

मला वाटलं, आता हे हात झटकणार. सगळ्यांनी झटकले होते, यांनीही झटकले असते तर मला नवल वाटलं नसतं. साहेब खाली बघून म्हणाले, "गलती माझी हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवशी अर्धंच कळलं. पुढं त्यांच्याच हाताखाली राहून पुरतं कळलं. कारखाना बांधून झाला की हा नकाशा हातात घेऊन ते प्रत्येक पाइपाखालून चालत जात. टाकीपासून निघायचं आणि पाइप जिथं संपतो तिथपर्यंत पायानं जायचं. मधे भिंत आली तर वळसा घालायचा, पाइप वर गेला तर शिडीनं चढायचं. कागदावर आहे तसाच निघाला तर त्या रेघेवर पिवळी पेन्सिल फिरवायची, वेगळा निघाला तर लाल. सगळा कागद पिवळा झाला की मगच खाली सही. त्यांचा हा नेम होता.

"ह्या कागदावर कुठं पिवळं दिसतंय का, बाई?"

कागद पांढरा होता. खाली कोपऱ्यात सही होती.

"कामून केली मग?"

"शेठजींचा माणूस जिथं होतो तिथं आला. हंगाम अडलाय म्हणाला. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आन केली."

"आन तुम्ही कुठं गेल्ता?"

साहेबांनी एका गावाचं नाव घेतलं. "शेडातल्या लोकांसाठी पाण्याची लाइन टाकून राहिलो होतो. टँकर पुरत नव्हता."

ते माझं माहेर होतं. भूकंपात माझे वडील गेले, भावजय गेली. आईला ढिगाऱ्यातून काढली. पत्र्याच्या शेडात मी तिच्याजवळ जाऊन राहिले तेव्हा आधी टँकरपुढं घागरींची मारामारी होती, आणि मग एक दिवस शेडाच्या तोंडाशी नळ आले. त्या नळाचं पाणी मी प्याले होते. त्याच पाण्यानं आईचं डोकं धुतलं होतं. तिच्या केसांतली माती कितीतरी दिवस निघतच होती. नळ बसवणाऱ्यांत कोण होतं, हे मी तेव्हा मान वर करून बघितलं नव्हतं.

माझ्या तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. दीर म्हणाले, "चला वैनी." मी जिना उतरले. साहेब दारापर्यंत आले होते.

त्या दिवसापासून आमच्या दोघांत ही एक गोष्ट बोलायची राहिलेली आहे. मी त्यांना माफ केलं की नाही, हे साहेबांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

सरकारी चौकशी बसली. शेठजींच्या वकिलानं साहेबांना घरी येऊन सांगितलं, "तुम्ही तपासून गेल्यावर ठेकेदारानं पाइप कापला, एवढंच म्हणा. तुम्ही सुटता, शेठजी सुटतात. ठेकेदार तर पळूनच गेलाय." हे मला साहेबांच्या पत्नी नजमाभाभींनी सांगितलं, त्या आतून ऐकत होत्या. साहेबांनी वकिलाला चहा दिला. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर सांगून आले, मी न बघता सही केली. मी तिथं बाकावर बसले होते. साहेबांनी आवाज चढवला नाही, रडले नाहीत, हात जोडले नाहीत. पाण्याचं काम करत होतो, लोकांची सेवा करत होतो, असलं एक अक्षर काढलं नाही. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "त्या वेळी आपण कुठं होता?" साहेब म्हणाले, "कारखान्यात नव्हतो."

मला ते बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचा रागही आला.

लातुरात बरेच दिवस त्यांना कुणी काम दिलं नाही. शेठजींनी सगळ्या बाजारात सांगून ठेवलं होतं की हा माणूस स्वतःलाच वाचवत नाही, तुम्हाला काय वाचवणार. साहेब नांदेडला परत गेले. जुन्या गावात त्यांच्या वडिलांचं कलईचं दुकान होतं, भाऊ चालवत होते. पुढं दुसऱ्या जिल्ह्यांतली कामं मिळाली, लातूरचं ऑफिस पुन्हा उघडलं, आणि त्यांनी मला निरोप पाठवला. मी तेव्हा डाळमिलीत निवडणीला जात होते. गेले.

"सुमनबाई, मी कागद घेऊन पाइपाखालून चालतो तेव्हा माझ्यामागं दुसरं माणूस लागतं. दुसरी प्रत हातात धरून. मी सांगितलं ते खरंच तसं हाय का हे बघणारं."

"इंजिनियर ठेवा की मग."

"इंजिनियर हायत. ते साहेब म्हणतेत ते बरोबरच आसंल म्हणतेत. मला माझ्यावर भरवसा न ठेवणारं माणूस पाहिजे."

"मग ते म्या हाय."

"म्हणूनच बलावलं."

लोक म्हणाले, साहेबांनी विधवेला आधार दिला. या ग्रंथातही कुणी तसं लिहील. मी त्यांच्याकडं आधाराला गेले नाही. मी पहाऱ्याला गेले. हा माणूस पुन्हा न चालता सही करतो का, हे मला रोज बघायचं होतं.

आता कामाचं सांगते, कारण कामाशिवाय साहेब कळणार नाहीत. कारखान्याचे नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिल्याला फ्लो शीट म्हणतात. त्याच्यावर पाइप-बिइप फार नसतात, माल कुठून येतो, कशात जातो, किती तापतो, कशाचं काय होऊन कुठून निघतं, एवढंच. साहेब मला म्हणाले, लग्नाचा स्वयंपाक धरा. जेवढं आत गेलं तेवढं कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर कुठंतरी साठून राहिलंय, नाहीतर गळून राहिलंय. दुसरा नकाशा मोठा. त्याच्यावर एक-एक पाइप, त्याचा नंबर, एक-एक व्हॉल्व्ह, एक-एक मीटर. दोन त्रिकोण डोक्याला डोकं लावून काढले की तो व्हॉल्व्ह. गोल काढला की मीटर. मला ते वाचायला वेळ लागला. मी चिडत असे, कागद टेबलावर टाकून देत असे. साहेब उचलून परत पुढ्यात ठेवत.

"बोट उचलू नका. पाइप संपल्याबिगर बोट उचलायचं न्हाई."

"आन संपल्यावर?"

"संपल्यावर विचारायचं. इथून काय बाहेर निघतंय, आन तिथं कोण उभं हाय?"

हा प्रश्न ते प्रत्येक इंजिनियराला विचारत. दूध असो, साखर असो, औषध असो. नवीन पोरं पहिलं उत्तर पाठ करून येत, काय निघतं ते घडाघडा सांगत. दुसऱ्याला अडखळत. कागदावर माणूस काढलेला नसतो ना. साहेब त्यांना गाडीत घालून जागेवर नेत आणि पाइपाच्या तोंडाशी उभं करत. उन्हातान्हात उभं करून ठेवत. एक पोरगा मला म्हणाला, "मावशी, साहेब मला कामून शिक्षा करायलेत?" मी म्हटलं, शिक्षा न्हाई बाबा, तिथं कोण उभं राहतं ते दाखवायलेत.

एकदा मी त्यांना टोचून बोलले होते. कलईगराचं लेकरू तुम्ही, म्हटलं, तुमचे वडील भांडं गळतं का न बघता गिऱ्हाइकाला द्यायचे का? दुसरा कुणी असता तर त्यानं मला हाकलून दिलं असतं. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "अब्बा भांड्यात पाणी भरून सोताच्या मांडीवर ठेवायचे. पायजमा कोरडा राह्यला तरच द्यायचे." आणि मग हसले. "तुम्ही त्यांच्यासारक्याच हाव, सुमनबाई. तोंडानं मारता." त्यानंतर ऑफिसात कुणी घाईत सही मागितली की साहेब म्हणायचे, मांडीवर ठेवू द्या आधी.

भोकरकडं दुधाच्या एका प्लांटचं काम होतं, ते सांगते. उद्घाटनाला पुढारी येणार होते. मांडव पडलेला, ताशेवाले आलेले, आचाऱ्यानं बुंदी काढायला घेतलेली. साहेब आणि मी आदल्या दिवसापासून पाइपाखालून चालत होतो. दुधाचे पाइप धुवायला कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात. सोड्याचा पाइप जिथं दुधाच्या पाइपाला मिळतो तिथं कागदावर दोन व्हॉल्व्ह होते आणि त्या दोघांच्या मधे खाली उघडं तोंड. म्हणजे एक व्हॉल्व्ह गळला तरी सोडा जमिनीवर पडेल, दुधात जाणार नाही. जागेवर बघितलं तर एकच व्हॉल्व्ह. मी माझ्या प्रतीवरून नंबर वाचला, साहेबांनी वर बघितलं, मी परत वाचला. साहेबांनी लाल पेन्सिल काढली.

चेअरमन धावत आले. "साहेब, आज सही करा. उद्या जोडून घेऊ."

"उद्या जोडा, उद्या करतो."

"अहो, मांडव घातलाय."

"मांडव छान हाय."

"पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्याला आज दूध पाजणार का ह्या पाइपातलं?"

चेअरमन माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांला." मी म्हटलं, मी सांगितलं तर सगळे पाइप परत बघायला लावीन, दोन दिवस लागतील.

साहेब एक बादली उपडी घालून त्या पाइपाखाली बसले ते उठलेच नाहीत. शेवटी उद्घाटन झालं. पुढाऱ्यांनी फीत कापली, बटण दाबलं, टाळ्या वाजल्या. बटणाला वायर नव्हती. पुढारी जाताना म्हणाले, प्लांट लई शांत चालतो. परतीच्या वाटेवर साहेब गाडीत इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मग एकदम दोघांचंही हसू थांबलं. दोघांच्याही मनात तोच पाइप आला असणार. हसताना मला नेहमी हीच भीती असे की ज्ञानोबा मधे येतील. ते यायचेच. साहेबांकडं बघितलं की कळायचं, त्यांच्याकडंही आलेत.

साहेबांनी माझ्यावर काय उपकार केले, असं समितीनं विचारलं आहे. एकच सांगते. माझी आई नव्या वसाहतीत वारली तेव्हा साहेब नजमाभाभींना घेऊन आले होते. माझ्या नातेवाइकांत बायाबापड्या कुजबुजत होत्या, हाच का तो. साहेबांना ऐकू आलं असणार. ते बाहेर ओट्यावर बसून राहिले, माती होईपर्यंत. निघताना नजमाभाभींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "शेवटी पाणी मागितलं का आईनं?" मी म्हटलं, मागितलं, दिलं. त्यांनी मान हलवली. सांत्वनाला आलेल्या दुसऱ्या कुणाचा एक शब्द आज मला आठवत नाही.

मग लातूर बदललं. आमच्या ऑफिसची गल्ली क्लासेसवाल्यांनी भरून गेली. जिथं पत्र्याची दुकानं होती तिथं चार-चार मजले चढले, खाली मेस, वर हॉस्टेल, मधे क्लास. पावसाळ्यात छत्र्यांची आणि बाकीच्या दिवसांत दप्तरांची गर्दी. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून लेकरं येत. साहेबांनी हाताखाली तयार केलेले इंजिनियर एकेक करून क्लासमधे शिकवायला गेले. साहेबांनी कुणाला अडवलं नाही. एक जाताना पाया पडला आणि म्हणाला, "सर, तिथं मान हाय." साहेब म्हणाले, "जा बेटा." तो गेल्यावर बराच वेळ त्याच्या टेबलावरच्या पेन्सिली नीट लावत बसले. मोठ्या नकाशावर आमचं काम होतं ते मुंबई-पुण्याच्या कंपन्या कॉम्प्युटरवर करायला लागल्या होत्या. आमच्याकडं कामं कमी झाली. पिवळ्या पेन्सिलीचा डबा महिनोन् महिने तसाच.

त्या दिवसांत साहेब खिडकीत उभे राहून समोरच्या इमारतीकडं बघत. एक दिवस मला म्हणाले, "सुमनबाई, वर किती लेकरं आसतील?"

"लई आसतील."

"आन खाली यायची वाट?"

वाट एकच. अरुंद जिना, त्याच्या तोंडाशी विजेचे मीटर, आणि बाहेर शटर. क्लास सुरू झाला की शटर अर्धं खाली ओढत, पोरं मधेच पळू नयेत म्हणून. साहेबांनी त्या संध्याकाळी कोरा कागद घेतला आणि तेलाच्या जागी लेकरं धरून फ्लो शीट काढली. कोणत्या मजल्यावर किती, जिन्यात किती मावतात, दारातून किती निघतात. तो कागद घेऊन ते त्या क्लासच्या सरांकडं गेले. मी बरोबर होते.

सर तरुण होते, टाय लावलेला. "या काका. नातवाचं ॲडमिशन करायचंय का?"

"न्हाई. तुमच्या मागच्या बाजूला एक लोखंडी जिना लावा म्हणायला आलो."

"जागा कॉर्पोरेशनची आहे मागं."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"काका, आमचा रिझल्ट बघितला का तुम्ही यंदाचा?"

"बघितला. बोर्डावर लावलाय. इथं धूर झाला तर ह्यातली लेकरं कुठून उतरतील ते मी बघून राहिलो."

सरांनी शिपायाला हाक मारली. शिपाई सभ्य होता, त्यानं साहेबांना हात न लावता दाराशी आणलं. गल्लीतली पोरं त्यांना जिनेवाले आजोबा म्हणायला लागली. साहेब दुसऱ्या क्लासात गेले, तिसऱ्यात गेले. कॉर्पोरेशनच्या माणसांना भेटले. कुणी चहा दिला, कुणी बसवून ठेवलं, कुणी कागद ठेवून घेतला. मला साहेबांचा राग येई. मी म्हणे, "साहेब, चला घरी, तुमची लेकरं हायत का ती?" ते पुढच्या दाराकडं चालू लागत. मला उत्तर माहीत होतं, तरी मी विचारत होते. मी मुद्दाम विचारत होते.

एका क्लासवाल्या बाईंनी मागं लोखंडी जिना लावला. एकीनंच. त्याच्यावर आता पोरं कपडे वाळत घालतात. साहेब तिथून जाताना वर बघतात आणि म्हणतात, कपडे वाळू द्या, उतरायची पाळी येऊ नये.

आता साहेबांचे डोळे गेल्यात जमा आहेत. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. ऑफिस बंद झालं. मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जाते. नजमाभाभी गेल्यापासून घरात सून आहे, भली आहे. मी जुना एखादा नकाशा पसरते आणि साहेब त्याच्यावर बोट ठेवतात. रेघ दिसत नाही त्यांना, तरी बोट बरोबर जातं. चुकलं तर मी सांगते. मी खोटं सांगणार नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते मलाच विचारतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात मी शेजारी स्टुलावर बसले होते. दुपार होती. सून डबा आणायला गेलेली.

"सुमनबाई."

"काय साहेब?"

"एक बात विचारू का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. काय विचारणार आहेत ते मला कळलं. इतकी वर्षं कळत होतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सलाइनच्या नळीकडं बघत बसले. साहेबांनी थोडी वाट बघितली.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पाणी द्या थोडं."

मी दिलं.

त्यानंतर समितीची माणसं आली. साहेबांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ काढतोय, तुम्ही सगळ्यांत जवळच्या, तुम्ही लिहा म्हणाली. सत्काराच्या दिवशी हा लेख सून त्यांना वाचून दाखवील. तेव्हा जे दवाखान्यात बोलले नाही ते इथं लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण साहेबांनीही त्यांची चूक सगळ्यांसमोर सांगितली होती.

साहेब, तुम्हाला माफ करायचं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं ते गेले. मी माझ्यापुरतं बघितलं तर राग आहे. तेव्हा होता तसा नाही, पण आहे. तुम्ही पाणी आणलं म्हणून तो गेला नाही, चौकशीत खरं बोललात म्हणून गेला नाही, आणि इतकी वर्षं प्रत्येक पाइपाखालून चाललात म्हणूनही गेला नाही. मी तुमच्यामागं चालत होते, मला दिसत होतं. तुम्ही एकदाही बोट उचललं नाही. हे मी कुठल्याही चौकशीत सांगीन. पण राग गेला म्हणून सांगितलं तर ते न बघता केलेल्या सहीसारखं होईल, आणि तसली सही तुम्हीच माझ्याकडून घेणार नाही.

दुसरी गोष्टही खरी आहे, तीही ऐका. ज्ञानोबांची आई गेली. दीर गेले. कारखाना बंद पडून त्या जागी गोदाम झालं, तिथल्या माणसांना नावही माहीत नाही. ज्ञानोबा पोती शिवायचे, सुई दातात धरायचे, दुपारी डबा उघडायच्या आधी हात दोनदा धुवायचे, हे मी तुम्हाला सांगितलंय आणि तुमच्या ध्यानात आहे. परवा तुम्हीच मला म्हणालात, त्यांला भाकरीबरोबर ठेचा लागायचा ना. या जगात त्या माणसाची रोज आठवण काढणारे आपण दोघंच उरलोत, साहेब. तुम्ही गेलात तर मी कुणाशी बोलू?

म्हणून जगा. पंचाहत्तरी झाली, अजून पुष्कळ वर्षं जगा. छातीचं औषध वेळेवर घ्या, सुनेला उगीच नको म्हणू नका, सकाळी अंगणात चालताना काठी घ्या. देवीला मी सांगितलंय, तुमच्या अल्लाला तुम्ही सांगा. मंगळवारी मी येतेच आहे.

— सुमन ज्ञानोबा
लातूर